मामाचे बाबा आणि पंचवीस पानांचा डाव

नाक चिमटीत घट्ट धरा. आता मोठ्यानं म्हणा, "मामा!"

काय आलं बाहेर? "बाबा" ना? निदान बाबांच्या अगदी शेजारचं काहीतरी. नाक तसंच दाबून ठेवा आणि "नाना" म्हणा. झाले की नाही नानांचे "दादा"? सोडा आता नाक, घ्या श्वास. स्वयंपाकघरातून "काय चाललंय रे तिकडे?" असा आवाज आला, तर बिनधास्त सांगा की अभ्यास चाललाय. खोटं नाहीच ते.

'म' म्हणताना आपण ओठ मिटतो आणि हवा नाकातून सोडतो. नाक बंद केलं की बिचाऱ्या हवेला जायला वाट उरत नाही. मग ती मिटलेले ओठ फोडून बाहेर येते आणि 'ब' ऐकू येतो. म्हणजे 'म' आणि 'ब' म्हणताना ओठांचं काम एकच. फरक आहे तो नाकाच्या वाटेचा. 'न' आणि 'द' यांचंही तेच. दोन्हींत जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, फक्त 'न'ची हवा नाकातून जाते.

आता अंकलिपी उघडा. घरात नसेल तर मनातल्या मनात म्हणा: प फ ब भ म. त थ द ध न. 'ब' आणि 'म' एका ओळीत, 'द' आणि 'न' एका ओळीत! नाक दाबल्यावर 'मामा'चा 'नाना' होत नाही, 'काका' होत नाही, आपल्याच ओळीतल्या शेजाऱ्याकडे जातो. अक्षरांच्या त्या तक्त्यात कुणीतरी फार विचार करून पानं लावून ठेवली आहेत. हो, पानंच. पत्त्यांची पानं. आज आपण त्यांचा डाव मांडणार आहोत, आणि त्या डावात तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या पिटुकल्याला वाचायला शिकवणार आहोत.

आधी पानं ओळखून घेऊ. नेहमीच्या पत्त्यांत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार रंग आणि प्रत्येकाची तेरा पानं असतात. आपल्या डावात पाच रंग आणि प्रत्येकाची पाच पानं.

क ख ग घ ङ
च छ ज झ ञ
ट ठ ड ढ ण
त थ द ध न
प फ ब भ म

प्रत्येक आडवी ओळ हा एक रंग. 'क' म्हणा: जिभेचा मागचा भाग वर उचलून घशाजवळ टेकतो. 'च' म्हणा: जिभेचा मधला भाग टाळूला लागतो. 'ट' म्हणताना जिभेचं टोक वर वळतं, 'त' म्हणताना तेच टोक दातांशी येतं, आणि 'प' म्हणताना जिभेला सुट्टी, सगळं काम ओठांचं. घशापासून निघून एकेक पाऊल पुढे टाकत आपण ओठांपर्यंत आलो. खात्री करायची असेल तर ओठ एकमेकांना न लावता "पापड भाजून ठेव बाबा" म्हणून दाखवा. जमायचं नाही. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या शब्दभ्रमकारांची खरी अडचण हीच असते. ओठ हलवायचे नाहीत आणि बाहुलीनं "बाबा" तर म्हटलं पाहिजे! मग ते दुसऱ्याच एखाद्या ध्वनीला 'ब'सारखा वाजवायची कसरत वर्षानुवर्षं करतात.

उभ्या रांगांची गंमत तर आणखी भारी. कागदाची एक पातळ पट्टी ओठांसमोर लोंबती धरा. "प" म्हणा, मग "फ" म्हणा. (ओठ मिटून सुरू होणारा आपला 'फ' हं, 'फॅन'मधला नाही.) 'फ'ला पट्टी जोरात उडेल. पहिल्या रांगेच्या अक्षरात हवेचा झोत मिसळला की दुसऱ्या रांगेचं अक्षर होतं: क-ख, ट-ठ, प-फ.

तिसऱ्या रांगेसाठी एक भिडू लागेल. त्याच्या कानात अगदी कुजबुजून "गाय" म्हणा आणि काय ऐकू आलं ते विचारा. बहुतेक वेळा तो "काय?" म्हणेल. तुम्ही म्हणाल, "अरे, काय ऐकू आलं?" तो म्हणेल, "काय!" हा घोळ निस्तरल्यावर त्याला कारण सांगा. 'ग' म्हणताना आपल्या गळ्यातले स्वरतंतू थरथरतात, लहान मुलांचे तर सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा. कुजबुजताना ते थरथरतच नाहीत, आणि थरथर काढून घेतली की 'ग'चा होतो 'क'. थरथर हाताला जाणवते का पाहायचं असेल तर गळ्यावर बोटं ठेवून आधी सापासारखं "स्स्स्स" करा आणि मग मधमाशीसारखं "झ़्झ़्झ़्झ़".

चौथ्या रांगेत थरथरही आहे आणि हवेचा झोतही. पाचवी रांग नाकाची. तिची ओळख मामांनी आणि नानांनी करून दिलीच आहे.

पाच जागा, पाच तऱ्हा, पंचवीस पानं. ही मांडणी आजकालच्या कुठल्या प्रयोगशाळेतली नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास, वेदांचे उच्चार बिघडू नयेत म्हणून जिवाचा आटापिटा करणाऱ्या अभ्यासकांनी ती बसवली. त्यांच्याकडे ना ध्वनिमुद्रक होता, ना घशात घालायचा कॅमेरा. स्वतःचं तोंड, स्वतःचे कान आणि भरपूर चिकाटी, एवढंच सामान. व्याकरणकार पाणिनीच्या परंपरेत हीच पानं पुन्हा पिसलेली दिसतात. चौदा माहेश्वर सूत्रांपैकी एका सूत्रात ज, ब, ग, ड, द ही पाच अक्षरं एकत्र येतात. वरच्या चौकोनात बोट फिरवून पाहा. ती आहे आपली तिसरी उभी रांग! व्याकरणाच्या नियमांसाठी त्यांना उभ्या रांगा जास्त सोयीच्या होत्या, म्हणून त्यांनी डाव उभा लावला.

हा क्रम लांबवर फिरला. कन्नड, बंगाली, तमिळ, तिबेटी, थाई या लिप्यांची रूपं एकमेकींपासून किती वेगळी, पण त्यांची व्यंजनं सुरू होतात ती 'क'पासूनच. जपानी मुलं तर अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा क्रम घोकतात. बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृत अक्षरविद्येचा तो परिणाम. जपानकडे आपण पुन्हा येणार आहोत, तिथले पत्ते बघायला.

आता पिटुकल्याकडे. वय पाच-साडेपाच. त्याला 'क' दाखवला की ते काय म्हणतं? "कमळ!" 'ग' दाखवला की "गणपती!" मोठी माणसं खूश होतात आणि पाहुण्यांसमोर सगळा तक्ता म्हणून घेतात. पण पिटुकलं वाचत नसतं, ते चित्र ओळखत असतं. 'क' आणि 'प' शेजारी ठेवून वाचायला सांगा. "कमळ... पतंग?" असं म्हणून ते तुमच्या तोंडाकडे बघत राहील, कारण 'कप' तिथे त्याला दिसतच नाही. 'ण' आणि 'ळ'ची तर आणखी मजा. या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून तक्त्यात "ण बाणाचा" आणि "ळ बाळाचा". मग 'ण' पाहून मुलानं "बा" म्हटलं तर दोष कुणाचा?

खरी अडचण डोळ्यांची नाही, कानांची आहे. 1974 साली अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांबरोबर एक ठोक्यांचा खेळ खेळला. शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे असतील तितके ठोके टेबलावर मारायचे. 'मामा'चे 'मा' आणि 'मा' असे दोन ठोके; जवळजवळ निम्म्या चार वर्षांच्या मुलांना असले ठोके जमले. पण प्रत्येक सुटा ध्वनी मोजायचा, म्हणजे एकट्या 'मा'चेच 'म्' आणि 'आ' असे दोन ठोके मारायचे, हे चार वर्षांच्या एकाही मुलाला जमलं नाही. पहिलीचं वर्ष संपवलेल्या, म्हणजे वाचायला लागलेल्या मुलांत मात्र 70 टक्के मुलांना ते जमलं. बोलताना आपण ध्वनी असे एकमेकांत मिसळतो की ते सुटे ऐकायला मुद्दाम शिकावं लागतं.

मेंदूतही वाचनासाठी जन्मतः राखून ठेवलेली जागा नाही. माणूस बोलतोय फार फार पूर्वीपासून, पण लिहायला लागला त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. मेंदूत नवीन खोली बांधायला एवढा वेळ अगदीच अपुरा. स्टानिस्लास देहेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ सांगतात की चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा, डाव्या बाजूचा, मागचा आणि खालचा, आपण वाचायला शिकताना अक्षरांच्या कामाला लावतो. त्यांच्या गटानं 2010 साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांच्या मेंदूंची चित्रं घेतली, तेव्हा मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही हा बदल दिसला. म्हणजे आपल्या डावात पिटुकल्याशेजारी एखादी शाळेत न गेलेली आजी बसली, तर फारच छान.

चला, पत्ते करायला घेऊ. विकत काही आणू नका. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यांच्या कोऱ्या पाठी जाड आणि गुळगुळीत असतात. दोन बाय तीन इंचाचे तुकडे कापा आणि जाड पेनानं मोठं, स्वच्छ अक्षर काढा. अक्षराशेजारी कमळ, गणपती वगैरे चित्र काढायचं नाही. हौस असेल तर अक्षराच्या आकारात पॉलिश पेपर कापून चिकटवा, म्हणजे बोट फिरवून खरखरीत अक्षर कळेल. ही युक्ती मारिया माँटेसरी यांची. 1907 साली रोममधल्या एका गरीब वस्तीत त्यांनी बालघर उघडलं, आणि तिथली मुलं अशी अक्षरं बोटांनी गिरवत, त्यांचा उच्चार करत शिकली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत महागड्या साधनांच्या जागी बिया, पानं, खडे वापरले. तेव्हा पॉलिश पेपर नसेल तर चिंचोके डकवा.

पहिल्या डावात अक्षरं नाहीतच! चार चित्रं काढा: रस्त्यावरची कार, झाडावरची खार, पावसात पडणारी गार आणि आकाशातली घार. कार, खार, गार, घार. बघा, 'क'ची ओळ जवळजवळ पुरी झाली. चित्रं जमिनीवर मांडा. तुम्ही "घार" म्हणायचं आणि पिटुकल्यानं ते पान झडप घालून उचलायचं. वेग वाढवत न्या. त्यानं 'घार'ऐवजी 'गार' उचललं तर "चूक!" असं ओरडू नका, कारण त्यानं तुम्हाला केवढी माहिती दिलीय! जागा त्याला बरोबर कळली, गळ्याची थरथर कळली, फक्त हवेचा झोत निसटला. लगेच कागदाची पट्टी काढा आणि त्यालाच तिच्यासमोर दोन्ही शब्द म्हणू द्या.

अशा पूर्ण ओळींचे शब्द शोधायचं मला वेडच लागलंय. 'प'ची ओळ ऐका: पार, फार, बार, भार, मार. वडाचा पार, फटाक्याचा बार, दप्तराचा भार, पाचही हजर! 'त'ची ओळ: तर, थर, दर, धर, नर. त्याच रंगातलं एक पान बदललं की दहीहंडीच्या थराचा भाजीचा दर होतो. इतक्या थोड्या फरकावर इतका अर्थ अवलंबून असतो, हे पिटुकल्याला सांगावं लागत नाही. चुकीचं पान उचललं की त्यालाच कळतं.

दुसरा डाव जोड्यांचा. प्रत्येक अक्षराची दोन-दोन पानं करून पालथी मांडायची. दोन उलटायची, सारखी निघाली तर आपली. यात मुद्दाम तीन भांडखोर जोड्या घाला: घ आणि ध, म आणि भ, य आणि थ. इथे डोळे फसतात. त्याला कारण आहे. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच असं मेंदू लहानपणी शिकलेला असतो. अक्षरांच्या बाबतीत मात्र तो उदारपणा चालत नाही, बारीकशा फरकालाही किंमत असते. आता या तीन जोड्या नीट न्याहाळा. ध, भ, थ यांच्या डोक्यावरची रेघ सुरुवातीला तुटलेली आहे. घ, म, य यांची अखंड. हे तुम्ही सांगून टाकू नका हं. पिटुकल्यालाच सापडू द्या.

तिसरा डाव माझा सगळ्यात लाडका. 'बदाम सात' येतो ना तुम्हाला? त्यात बदाम सत्तीपासून सुरुवात होते आणि दोन्ही बाजूंना पानं लागत जातात. आपला डाव आहे 'बदाम ग'. पंचवीस पानं पिसून तीन-चार जणांत वाटा. ज्याच्याकडे 'ग' असेल त्यानं तो मध्ये ठेवायचा. पुढच्यानं डावीकडे 'ख' लावावा, किंवा उजवीकडे 'घ', नाहीतर दुसऱ्या रंगाचं मधलं पान उतरून ओळ उघडावी: ज, ड, द किंवा ब. काहीच नसेल तर पास. ज्याच्या हातातली पानं आधी संपतील तो जिंकला. पान लावताना त्याचा उच्चार करायचा आणि त्या ध्वनीचा एक शब्द सांगायचा, तो नाही सांगता आला तर पान परत हातात. 'झ' अडवून बसायचं आणि दुसऱ्याला 'ञ' लावू द्यायचा नाही, असली लबाडी करायला पूर्ण परवानगी आहे. लबाडी करायची तर 'झ'च्या शेजारी कोण राहतं ते पक्कं ठाऊक असावं लागतं!

या डावाला एक जोकरही आहे. कोऱ्या पानावर नुसतं एक टिंब, म्हणजे अनुस्वार. "पंखा" म्हणा, पण 'ख'च्या आधी थांबा. जीभ कुठे आहे? मागे, 'क'च्या जागी. तो अनुस्वार म्हणजे खरं तर 'ङ'. आता "पंजा" म्हणा आणि 'ज'च्या आधी थांबा. हा 'ञ'. घंटा म्हणताना 'ण', पंत म्हणताना 'न', आणि पंप म्हणताना तर ओठच मिटले, म्हणजे 'म'! एकच टिंब, पण पुढच्या अक्षराच्या घरी जाऊन तिथलं नाक होतं. म्हणून 'बदाम ग'मध्ये जोकर कुठल्याही ओळीच्या पाचव्या जागी लावता येतो. 'ङ' आणि 'ञ' यांनी एकही मराठी शब्द सुरू होत नाही. त्यामुळे त्यांचं पान आलं की पंखा, पंजा असे पोटात लपलेले शब्द सांगायचे.

आणि एक गुपित. 'च'चं पान लावताना "चंद्र" म्हणा आणि मग "चांदणं" म्हणा. 'च' तोच, पण जीभ हलली की नाही? 'चांदणं'मध्ये ती दातांकडे सरकली. मराठीत 'च'चे हे दोन आवाज आहेत आणि लिहायला अक्षर मात्र एकच. 'ज'चंही तसंच: "आपण राहतो ते जग" आणि "तू शंभर वर्षं जग". वाचायला शिकणारं मूल इथे अडखळलं तर ते हुशार आहे असं समजा. त्याचे कान जागे आहेत.

शब्द जुळवायचा डाव सुरू कराल तेव्हा सगळी पानं एकदम बाहेर काढू नका. क, म, र, ळ आणि एक काना, एवढीच घ्या, पण प्रत्येकाची दोन-तीन पानं. बघा किती शब्द होतात: कमळ, काम, काळा, काका, करा, मका, मळा, माळ, मामा, राम, रमा. चार अक्षरं आणि एक काना हातात असलेलं मूल पहिल्याच दिवशी 'मका' वाचतं. मुळाक्षरं क्रमानं पाठ करणारं मूल तेव्हा 'घ'पर्यंत पोचलेलं असतं आणि त्याला एकही शब्द वाचता येत नसतो. मला विचाराल तर तक्ता भिंतीवर राहू द्या, पण शिकवायला सुरुवात त्याच्या क्रमानं करू नका.

पानं लांब लांब ठेवून 'क... म... ळ' असं वाचलं तर मूल प्रत्येक अक्षरातला 'अ' ताणून म्हणतं, आणि "कऽमऽळऽ" हे कमळासारखं मुळीच ऐकू येत नाही. आपण बोलताना शेवटचा 'अ' गिळून टाकतो. 'मुलगा' म्हणताना मधलासुद्धा. म्हणून वाचता वाचता पानं एकमेकांकडे सरकवायची, चिकटली की झटकन एका दमात म्हणायचं. हात सरकतो तसा आवाजही सरकतो. पुस्तकातली छापील अक्षरं अशी सरकवता येत नाहीत, पत्ते येतात.

मात्रांसाठी शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक प्लॅस्टिक कापा आणि त्यावर एकेक खूण काढा: काना, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, मात्रा. हे तुकडे अक्षराच्या पानावर ठेवायचे. काना उजवीकडे येतो, उकार खाली, मात्रा डोक्यावर. पहिली वेलांटी मात्र खट्याळ. ती बसते अक्षराच्या डावीकडे, पण तिचा आवाज येतो अक्षराच्या नंतर. 'कि' वाचताना पिटुकलं आधी 'इ' म्हणायला गेलं तर त्याचं तर्कशास्त्र बिनचूक आहे. चूक असलीच तर वेलांटीची.

आता जपान. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिथे पोचले आणि आपले पत्ते घेऊन गेले. त्यांच्या 'कार्ता'चं जपान्यांनी केलं 'कारुता'. पुढे तिथे लहान मुलांसाठी 'इरोहा कारुता' नावाचा खेळ तयार झाला. अठ्ठेचाळीस पानांवर एकेक म्हण लिहिलेली, आणि दुसऱ्या अठ्ठेचाळीस पानांवर त्या म्हणीचं चित्र आणि तिचं पहिलं अक्षर. एक जण म्हण वाचतो आणि बाकीचे जमिनीवर पसरलेल्या पानांतून ते अक्षर शोधून झडप घालतात. नववर्षाच्या सुट्टीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे खेळायचे, आणि नातवंडं अक्षरंही शिकायची. याच कुळातला मोठ्यांचा खेळ शंभर कवितांचा. वाचणाऱ्यानं कविता सुरू करताच तिचं पान टिपायचं. त्या शंभरांतल्या सात कविता अशा, की नुसता पहिला ध्वनी ऐकून कळतं कोणती ते, कारण त्या ध्वनीनं दुसरी कुठलीच कविता सुरू होत नाही. तरबेज खेळाडूंचा हात तेवढ्यावर सुटतो. कान किती तयार करता येतात पाहा!

इंग्रजीला हे पत्ते चालतील का? चालतील, पण नियम बदलावे लागतात. आपल्या अक्षराचं नाव आणि आवाज जवळजवळ एकच असतो. इंग्रजीत 'सी', 'ए', 'टी' अशी नावं कितीही वेगानं म्हटली तरी 'कॅट' होत नाही. त्यात अक्षरं 26 आणि ध्वनी सुमारे 44. एकटा 'ए' कॅटमध्ये वेगळा, केकमध्ये वेगळा, कारमध्ये वेगळा आणि कॉलमध्ये आणखी वेगळा. म्हणून तिथे 'ॲट' असा वाजणारा दोन अक्षरांचा तुकडा एकाच पानावर लिहा आणि त्याच्यापुढे बी, सी, एच, एम, आर ही पानं आळीपाळीनं सरकवा: बॅट, कॅट, हॅट, मॅट, रॅट. पानं दाखवताना अक्षराचं नाव म्हणायचं नाही, आवाज काढायचा.

काही घरांत हातात पत्ते दिसले की आजोबांच्या कपाळाला आठी पडते. त्यांना सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण करून द्या. हातानं रंगवलेली ती गोल पानं! दशावताराच्या संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे 120 पानं. डाव खेळता खेळता अख्खे दशावतार ओळखीचे व्हायचे. इतकं सांगितल्यावर बहुतेक आजोबा स्वतःच पिसायला घेतात.

पण तक्ता असताना पत्तेच का, असं ते विचारतील. त्याचं उत्तर असं. तक्त्यावर उत्तर नेहमी समोर असतं. पत्त्यात ते आठवून काढावं लागतं, आणि आठवायला लागलं की ती गोष्ट जास्त पक्की होते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. आठवड्यानं पाहिलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. 'बदाम ग'मध्ये प्रत्येक पाळीला असंच आठवावं लागतं, आणि परीक्षा चाललीय हे कुणाला कळतही नाही. शिवाय पत्त्यांत नशीब असतं. धावण्यात किंवा बुद्धिबळात पाच वर्षांचं मूल बारा वर्षांच्या ताईला हरवू शकत नाही, पत्त्यांत खुशाल हरवतं. जिंकलेलं मूल दुसऱ्या दिवशी स्वतःहून गठ्ठा घेऊन येतं.

डाव छोटा ठेवा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. पिटुकलं रडवेलं झालं तर पानं गोळा करा आणि "बघ, याला अजून येत नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. आणि नुसत्या पत्त्यांवर भागणार नाही बरं का. रोज एखादी गोष्ट त्याला मांडीवर बसवून वाचून दाखवा, शब्दांवरून बोट फिरवत. मग ओळखीचं 'मका' किंवा 'काका' पानात दिसलं की ते तुमचं बोट अडवून धरेल.

आता एक काम तुमच्यासाठी. 'प'ची आणि 'त'ची पूर्ण ओळ मी वर दिली, 'क'ची चारपर्यंत आणली. 'च' आणि 'ट'च्या ओळी माझ्याकडून पुऱ्या झाल्या नाहीत. चाळ आणि जाळ, ठग आणि ढग एवढी पानं तुम्हाला उतारीला देऊन टाकली. बाकीचे शब्द शोधा, आजीला विचारा, शब्दकोश उलटापालटा करा. अट एकच: शब्द मराठी कोशात सापडला पाहिजे. चार किंवा त्याहून जास्त पानांची ओळ जुळली, तर ती पोस्टकार्डावर लिहून संपादकांकडे पाठवा.